शुभेच्छुक

रात्री दीडला अजून जाग येते.
पहिलं पान सोडायची वेळ.
उठतो. कुठल्याच पानावर काही बदलायचं नसतं,
म्हणून टाकीत पाणी किती उरलंय ते बघून येतो.

गल्लीत अजून मलाच विचारतात,
"उद्या पाणी येणार का हो, येमूल सर?"
बावीस वर्षं पाचव्या पानावर
कुठल्या पेठेला कुठल्या दिवशी, ते मी छापलं.
आता मलाही नळ खरखरला की कळतं.
तरी सांगतो, "येईल. पहाटे, पण कमी दाबाने."
बातमीची भाषा सुटत नाही.

गुरुवारी पुण्याहून फोन आला होता.
आवाज तरुण, सभ्य.
सोलापूरची पानं आता इकडेच लागतील, म्हणाला,
आणि शेवटी, "काही प्रश्न?"
आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारलेला माणूस मी,
एकही सुचला नाही.
त्या दिवशीचा माझा मथळा: सोलापूर तापले.
दर मे महिन्यात तोच. आकडा तेवढा बदलायचा.

आता कोंतम चौकाजवळ इरण्णाच्या दुकानात
फ्लेक्स लावतो.
वाढदिवस, निवड, फेरनिवड,
गड्ड्याला येणाऱ्या भाविकांचं स्वागत.
पहिल्याच दिवशी मी 'शुभेच्छूक'चा च्छू ऱ्हस्व केला.
गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या की सर, कोण वाचतंय?
त्यापेक्षा भाऊंचा फोटो मोठा करा."
शेवटची दोन वर्षं आमचे संपादकही
हेच म्हणायचे.

आई विड्या वळायची. मराठी वाचता येत नसे.
माझं नाव छापून आलं की विचारायची, "एक्कड?"
मी बोट ठेवायचो. मग ती तिथेच
तंबाखूचं बोट ठेवायची,
आणि नाव डागाखाली जायचं.

मागच्या महिन्यात अंबादास आला. रिक्षा चालवतो.
वडील गेलेले. फोटो एकच, ओळखपत्रावरचा,
मोठा केला की चेहरा विरघळतो.
"मग लिहा काहीतरी सर, जागा भरंल."

मी पेन काढला.
कुठलं खातं?
"सायझिंग."
पाळी?
"रात्रीची. शेवटपर्यंत."
मिल बंद झाली त्या दिवशी काय केलं त्यांनी?
अंबादासने रिक्षाची चावी बोटात फिरवली.
"डबा घेऊन गेले. गेटवर बसून खाल्ला.
मग महिनाभर जात होते."
रोज?
"रोज. डबा घेऊन."

तसंच लिहिलं. सत्तर शब्द, सहा बाय चार.
काळाचा घाला नाही, दुःखद निधन नाही.
त्याने सांगितलं म्हणून तळाला एवढंच:
शोकाकुल, रात्रपाळीतले उरलेले.

तेरा दिवस तो वळणावर होता.
माझा पेपर तर संध्याकाळी भज्याखाली जायचा.
एक म्हातारा ओठ हलवत, एकेक शब्द
वाचत उभा असलेला मी पाहिला
आणि सायकलची चेन पडल्याचं नाटक केलं.

परवा अशोक चौकात चहाला थांबलो.
गाड्यावर उन्हाला आडवं छत,
चार सुतळ्यांनी ताणलेलं,
आणि डोक्यावर उलटी अक्षरं:
गेटवर बसून डबा
मान वाकडी करकरून वाचलं, सबंध.
चहावर साय आली.

चौथ्या ओळीत 'पाळी'ची वेलांटी पहिली पडलीय.
दुकानात तीनदा वाचलं होतं, तेव्हा दिसली नाही.
छापून झाल्याशिवाय ती कधीच दिसत नाही.

स्टुलावर चढलो.
चहावाल्याला म्हटलं,
"मार्कर आहे का?"